दीड कोयता

अंगणवाडीच्या बाईला लघवी लागत नाही असा सरकारचा समज असावा. हसू नका. अठरा वर्षं ही नोकरी करतेय मी, आणि मला जे सांगायचंय ते तिथूनच सुरू झालं, म्हणून सुरुवातही तिथूनच करते.

आमची अंगणवाडी म्हणजे प्राथमिक शाळेच्या आवारातली एक खोली. मिरजगावचा हायवे सोडून आत बरंच चालत आलं की लागते. एक दार, गज लावलेली एक खिडकी, कोपऱ्यात शेगडी, आणि भिंतीवर रंगवलेला अ अननसाचा. आमच्या कोरडवाहू गावात अननस कोणी पाहिलाय! पोरं त्याला निवडुंगाचं बोंड म्हणतात, मीही आता सुधारायचं सोडून दिलंय. संडास मैदानाच्या पार त्या टोकाला, शाळेचा. त्याला कुलूप, आणि किल्ली गुरुजींच्या खिशात. म्हणजे आधी शाळेत जा, चालू वर्गाच्या दारात उभं राहून किल्ली मागा, सगळ्या वर्गाला कळू दे बाई कुठं निघाल्या, मग मैदान ओलांडा.

तेही मी करत आले होते, कारण माझ्याबरोबर एक मदतनीस मावशी होत्या. त्या पोरं बघायच्या, मी जाऊन यायची. मग मावशी वयानं निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी माणूस द्या म्हणून मी अर्ज केला. प्रस्ताव वर गेलाय, असं उत्तर आलं. आमच्याकडून जे वर जातं ते वरच राहतं. दोन वर्षं झाली त्याला.

तेव्हापासून त्या खोलीत मी एकटी. तीन ते सहा वर्षांची वीस-बावीस पोरं, त्यात आयांनी गपचूप आणून बसवलेली दोन-अडीच वर्षांची बारकी. त्यांना गाणी, गोष्टी, रंग, आकार शिकवायचे. खिचडी शिजवायची, वाढायची, खरकटं काढायचं. वजनं करायची. आणि या सगळ्यावर तो मेला मोबाईल. पोरं आली, फोटो टाका. पोरं जेवली, फोटो टाका. पोषण आहाराची पाकिटं न्यायला एखादी बाई आली की तिचा चेहरा त्या मोबाईलला ओळखू यायला पाहिजे. तिला उन्हात उभी करायची आणि म्हणायचं, "मिचकव गं डोळे." बाई लाजते, पदर तोंडाला लावते. मोबाईल म्हणतो, ओळख पटली नाही. अगं बाई, पदर काढ! पदर काढला तोवर रेंज गेलेली असते. आणि मागं खोलीत कोणीतरी कोणाच्या तरी हाताला कडकडून चावलेलं असतं.

एकदा न राहवून मी पोरांना खोलीत ठेवून, दाराला बाहेरून कडी लावून गेले. पाच मिनिटं, जास्त नाही. नेमकी तेव्हाच तालुक्याची जीप आली. परत येते तर साहेब दारात, आतून पोरांचं रडणं, आणि साहेबांच्या हातात माझं रजिस्टर. पोरांना कोंडून सेविका केंद्राबाहेर, अशी नोटीस मिळाली. खोटं काय होतं त्यात? कोंडलं होतंच मी. मलाही कोणी कोंडलंय हे मात्र त्या कागदावर लिहायला जागा नव्हती.

त्यानंतर मी सकाळपासून पाणीच प्यायचं बंद केलं. उन्हाळ्यात लघवीला आग व्हायला लागली, ताप आला. मिरजगावच्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "भरपूर पाणी प्या." मी म्हटलं, "पिते की. पण पिऊन जाऊ कुठं?" त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

माझी बहीण नगरला, केडगावात राहते. ती फोनवर म्हणायची, "सोड ना ते. इकडं ये, एखाद्या नर्सरीत लाग." जणू दार उघडंच होतं आणि मी मुद्दाम आत बसले होते. सासूबाई अंथरुणावर, नवऱ्याचा टेम्पो, दोन एकर रान, आणि इतक्या वर्षांत माझ्या स्वतःच्या नावावर काय झालं असेल तर ही एकच नोकरी. शिवाय मी गेले तर ही खोली बंद पडणार, हेही ठाऊक होतं. राग यायचा मला बहिणीचा. फोन ठेवला की मी तिच्यावरचा राग भांड्यांवर काढायची.

अशात त्या जूनमध्ये ती पोरगी मोठ्या गटात आली. पाच वर्षांची. तेल चोपडलेल्या दोन वेण्या, एकीची रिबीन लाल, दुसरीची पिवळी, आणि बोलणं एखाद्या म्हातारीसारखं. आई-बाप दर वर्षी ऊसतोडीला जाणारे. आदल्या हंगामात ते गेले तेव्हा ही गावातच आजीपाशी राहिली होती. आता घरात एक बारका भाऊही आला होता, तीन-चार महिन्यांचा.

पंधरा दिवस झाले असतील तिला येऊन. मी पोरांना गोलात बसवून पक्ष्यांचं गाणं घेत होते, म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. पोरांना वाटलं असेल बाई नाचतायत. ही उठली, माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, तुमाला लागलीय ना? जावा तुमी. मी बघते ह्यांना."

मी गेले. काय सांगू, पळत गेले! आले तेव्हा सगळी पोरं जागच्या जागी. ही मधोमध उभी राहून माझंच गाणं म्हणत होती, माझ्यासारखेच हात उडवत, आणि एका रडक्याला तिनं स्वतःच्या मांडीला चिकटवून धरलं होतं. मला इतकं हलकं वाटलं की मी तिची अलाबला घेतली. देवानंच पाठवली म्हटलं.

एकदा झालं ते रोजचं झालं. "जरा बघ गं, आलेच." आधी पाच मिनिटं. मग खिचडीला फोडणी देताना. मग बायकांचे चेहरे मोबाईलला दाखवताना. पोरीला सगळं पटापट जमत गेलं, आणि जे जमत नव्हतं ते मी शिकवलं. रडणाऱ्याला मांडीवर घ्यायचं नाही, खांद्यावर घ्यायचं, तोंड बाहेरच्या बाजूला, म्हणजे त्याला काहीतरी दिसतं आणि तो गप बसतो. घास बारका करायचा. पाठीवर थोपटायचं ते मोजून, एक, दोन, तीन, चार, पुन्हा एक. मोजणं असं शिकली ती. वीसपर्यंत! बाकीच्यांना मी मणी ओवून पाचापुढं नेऊ शकत नव्हते.

मला फार अभिमान वाटायचा. मी गुरुजींना म्हटलंसुद्धा, "पुढच्या जूनला ही पोरगी तुमच्या पहिलीत बसणार, आणि बसलेली राहणार. बघाच तुम्ही." यातलं 'राहणार' महत्त्वाचं. आमच्या गावात ऊसतोडीच्या घरची पोरं पहिलीत बसतात सगळी, पण दिवाळीला उठतात. नाव हजेरीत राहतं, पोर गाडीत बसून जातं, येतं ते एकदम उन्हाळ्यात, शिकलेलं सगळं विसरून. चौथीत गेलेली पोरं मला अजून अननसाच्या भिंतीपाशी येऊन अ विचारतात. ही एक मात्र आजीपाशी राहणारी होती. हिला वाट होती. अठरा वर्षांत एक तरी पोर अशी, जी मी त्या मैदानापलीकडं पोचवली आणि ती तिथंच टिकली, एवढंच मला पाहिजे होतं.

श्रावणात तालुक्याहून पर्यवेक्षिका मॅडम आल्या. नव्या होत्या, शहरातल्या, स्वभावानं चांगल्या. त्या दिवसांत आमचा 'माझं घर' हा विषय चालू होता. त्यांनी हिलाच उभं केलं. "सांग बाळा, तुझ्या घरी कोण कोण असतं?"

पोरगी ताठ उभी राहून म्हणाली, "एक कोयता, आजी, मी आन् बाळ."

मॅडम हसल्या. "कोयता नाही गं, माणसं सांग."

"मानसंच हायेत की," ही म्हणाली.

मी पुढं होऊन समजावलं. आमच्याकडं ऊस तोडायला जाणारं जोडपं म्हणजे एक कोयता. मुकादम तसंच मोजतो, इतके कोयते गाडीला पाहिजेत म्हणून. एकटंच माणूस असलं तर अर्धा कोयता. तिच्या लेखी आई-बाप ही दोन माणसं नाहीतच, दोघं मिळून एक कोयता. मॅडमना ते फार गोड वाटलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं, जाताना माझी पाठ थोपटली आणि म्हणाल्या, "ताई, तुमची मुलं किती तयार आहेत हो!" मीही हसले. रात्री नवऱ्याला सांगितलं, तोही हसला.

दसरा झाला. मुकादमांच्या गाड्या वस्त्यांवरनं फिरायला लागल्या. एक दिवस दुपारी मी भांडी घासत होते तर तिची आई आली, कडेवर बाळ घेऊन. मला वाटलं पाकिटं न्यायला आली. मोबाईल काढायला लागले तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई, त्यासाटी न्हाई आले. पोरीचं सांगायला आले. औंदा तिला संगं नेतोय."

माझ्या हातातली थाळी तशीच राहिली. "का? आजीपाशी राहते ना ती?"

"ऱ्हायली आस्ती. पन हे," तिनं बाळाकडं मान केली. "ह्याला उसाच्या फडात कुटं ठिवू? कडंवर पोरगं घिऊन मोळी बांदता येत न्हाई, का डोईवर घिऊन गाडीपत्तुर जाता येत न्हाई. मी बसून ऱ्हायले तर ह्यांचा अर्दाच कोयता पडतो. मुकादम म्हन्तो अर्द्या कोयत्याला माज्या टोळीत जागा न्हाई."

"मग आजीला न्या."

"म्हातारीला दिसतंय का? फडात पडली म्हंजी?"

मग ती जे बोलली ते तिनं मनापासून, माझे उपकार मानून बोललं होतं, म्हणून जास्त लागलं. "मला तर लई घोर पडला हुता बाई, पोराला कुनापाशी ठिवावं. दुसऱ्यांच्या पोरी आट-नव वर्साच्या झाल्याबिगर असलं काम करत न्हाईत. पन ही घरी येती, ह्याला खांद्यावर घेती, थोपाटती, घास भरवती. रडू म्हनून देत न्हाई. म्या इचारलं, कुनी शिकिवलं गं? तर म्हन्ली बाईंनी. तुमी लई चांगली तयार केली बगा तिला."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. तोंडही उघडलं मी. पण ओरडणार कुठल्या तोंडानं? रोज दुपारी त्या पोरीच्या कडेवर दुसऱ्यांचं पोर देऊन मोबाईल बघत बसणारी मीच ना?

तरी मी हात टेकले नाहीत. संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. पत्र्याच्या दोन खोल्या, अंगणात कोंबड्या. बाप कानशीनं कोयत्याला धार लावत बसला होता. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "या बाई, बसा." आजी भिंतीला टेकलेली. मी सगळं सांगून पाहिलं. पोरगी हुशार आहे. जूनला पहिलीत जायचीय. आता तिचा हात वळायला लागलाय. सहा महिन्यांनी आली की सगळं पुसून जाईल. पोरीला माझ्या घरी ठेवते म्हटलं, माझ्या ताटातलं खाईल.

"पोरीच्या खान्याचं न्हाई हो बाई," बाप म्हणाला. "ती कुनाला जड हाय? प्वाराचं सांगा. प्वाराला ठिवता का तुमी?"

सात-आठ महिन्यांचं अंगावर पिणारं पोर. ते कसं ठेवणार मी? ठेवलं असतं तरी त्याला दूध कुठून आणलं असतं? मी शाळेच्या वसतिगृहाचं बोलले, ते पहिलीच्या पुढच्यांना. कारखान्यावरच्या साखरशाळेचं बोलले, तर आई म्हणाली, "आसल तर बसंल की तिथं, प्वाराला घिऊन." जिकडं वळावं तिकडं ते बाळ आडवं. आणि त्याचा तरी काय दोष, लाळ गाळत माझ्याकडं बघून हसत होतं. पोरगी उंबऱ्यात बसून सगळं ऐकत होती. तिला वाईट वाटत होतं असंही नाही. ती जबाबदारीच्या तोऱ्यात होती. आपल्यावाचून कोणाचं अडतंय याचा तिला आनंद झाला होता, आणि तो आनंदही तिला आधी माझ्याच खोलीत मिळाला होता.

शेवटी आजी म्हणाली, "बाई, तुमी कशाला जिवाला लावून घेता? पोरीची जात हाय, कवा तरी शिकायचंच हुतं."

मी उठले. रस्त्यानं येताना स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की समोरून येणाऱ्या माणसानं विचारलं, "काय झालं बाई?"

गाडी गेली ती सकाळी, अंगणवाडी उघडायच्या वेळी. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यात भांडी, सरपण, शेळ्या, पत्रे, आणि वर माणसं. गाडी शाळेपाशी थांबली, कोणाला तरी घ्यायचं होतं. तेवढ्यात ही खाली उतरून माझ्या खिडकीशी आली. गजाला धरून टाचा उंचावून उभी राहिली, फक्त डोळे आणि कपाळ दिसत होतं. मला वाटलं, येते म्हणून सांगायला आली.

"बाई," ती म्हणाली, "आता तुमी कशा जाताल?"

मी तोंड फिरवलं. नाही बघवलं मला. म्हटलं, "जाईन गं कशीतरी. तू जा, गाडी सुटंल."

मोबाईलमध्ये तिच्या नावापुढं 'स्थलांतरित' असं नोंदवावं लागलं. त्यावर बोट ठेवलं की नाव यादीतनं खाली सरकतं, बस्स. मी चार दिवस ते बोट ठेवलं नाही. मग वरून विचारणा झाली, हजेरी का जुळत नाही. मग ठेवलं.

थंडीत एकदा तिच्या आईला फोन लागला. मागं कुत्री भुंकत होती, गाड्यांची घरघर. मी म्हटलं, पोरीला दे. ती आली ती ओरडतच, "बाई, हितं आमची आंगनवाडी हाय!"

"हो का? कोण शिकवतं गं?"

"मीच! मी बाई हाय. चार पोरं हायती माज्याकडं. आमचं बाळ, आन् शेजारच्या कोपीतली तीन. सगळ्यांच्या आया फडात जात्यात, मी सांबाळते. गानं म्हन्ते. थोपाटते."

"आणि तू कधी शिकतेस?"

प्रश्न तिला कळला नाही. मग म्हणाली, "बाई, मोबाईल पायजे मला. फोटू काडाया." मी हसले. हसता हसता माझं काय झालं कोण जाणे, फोन ठेवून मी पदरात तोंड घालून रडले. समोर बावीस पोरं. ती पण बघून बघून रडायला लागली. शेवटी मलाच गप्प व्हावं लागलं.

एप्रिलात टोळ्या परत आल्या, आणि त्याच आठवड्यात शाळेत पूर्वतयारीचा मेळावा होता. जूनमध्ये पहिलीत जाणाऱ्या मुलांची तयारी बघतात त्यात. दारात रांगोळी, फुगे, डोक्यावर कागदाच्या टोप्या. वर्गात ओळीनं टेबलं मांडलेली. एका टेबलावर उड्या मारायला लावतात, एकावर रंग ओळखायचे, एकावर गोष्ट सांगायची, एकावर मोजायचं. प्रत्येक पोराच्या हातात एक कार्ड, त्यावर टेबलावरच्या माणसानं लिहायचं, येतं का मदत लागते. मोजायच्या टेबलावर गुरुजी प्रश्न विचारत होते आणि मी लिहीत होते. तालुक्याच्या त्या मॅडमही आल्या होत्या.

ती आली. पहिल्यांदा मी ओळखलंच नाही. रंग करपलेला, केस कातरलेले, उंची थोडी वाढलेली, आणि कडेवर वर्षाचा दांडगा भाऊ. तिच्या निम्म्या वजनाचा असेल. ती एका बाजूला कंबर काढून, कलून उभी होती. मी "ये गं" म्हटलं तर हसली. समोरचे दोन दात पडले होते.

उड्यांच्या टेबलाशी शिक्षिका म्हणाल्या, "त्याला खाली ठेव आणि दोन्ही पायांवर उडी मार." तिनं ठेवला तर त्यानं भोकाड पसरलं. लगेच उचलला. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, आणि त्याला कडेवर घेऊनच तिनं उडी मारली. एक नाही, तीन. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. कार्डावर 'येतं' असं लिहिलं गेलं.

रंग आले. गोष्ट आली, तीही माझीच, जशीच्या तशी. असं करत ती आमच्या टेबलाशी पोचली. मी तिच्या भावाला घ्यायला हात पुढं केले. तिनं त्याचं तोंड बाहेरच्या बाजूला वळवलं, मगच माझ्याकडं दिला. "मांडीवर ठिवू नका बाई," म्हणाली. "खांद्यावर घ्या." जशी मी नवीनच होते. भाऊ माझ्याकडं आला तरी तिची कंबर तशीच बाहेर राहिली. सरळ उभी राहीना ती. मी हातानं तिची कंबर सरळ केली, हात काढला की पुन्हा कलली.

गुरुजींनी खडे मोजायला दिले. तिनं वीसपर्यंत मोजले, न थांबता. मॅडम कौतुकानं जवळ आल्या. त्यांना श्रावणातली गंमत आठवली असावी. मला डोळ्यानं खुणावून त्या तिला म्हणाल्या, "ओळखलंस का मला? सांग बरं, तुझ्या घरी कोण कोण असतं?"

पोरगी लगेच ताठ झाली, म्हणजे जमेल तेवढी ताठ. "दीड कोयता, आजी आन् बाळ."

मॅडम हसायला लागल्या. "अरे वा, दीड कसा झाला? मागं तर एकच होता!"

ती छातीवर बोट ठेवून म्हणाली, "अर्दा मी. बाळ निजलं की म्या उसाच्या शेंड्यांचं वाडं बांदते. मुकादम म्हन्ला, ही अर्दा कोयता झाली आता."

गुरुजी खड्यांकडं बघत राहिले. मॅडमचं हसणं ओसरत गेलं आणि त्या माझ्याकडं बघायला लागल्या, जणू पुढचं मी सांगायचं होतं. पोरगी आमच्या तिघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होती, उत्तर चुकलं की काय म्हणून. ते चुकलं नव्हतं. हिशेब बरोबर होता. आधीच्या वेळी तिनं स्वतःला 'मी' म्हणून वेगळं मोजलं होतं, एवढाच फरक.

"बरोबर हाय ना बाई?" तिनं विचारलं.

एका खांद्यावर तिचा भाऊ, दुसऱ्या हातात पेन. मागं पोरांची रांग लागलेली. मदत लागते असं लिहिलं तर पोर कच्चं ठरणार, आणि ते कच्चं नव्हतं. मला जी मदत लिहायची होती तिच्यासाठी त्या कार्डावर रकाना नव्हता. मी लिहिलं, 'येतं'. गुरुजींनी खाली सही केली. त्यांनी तिचं नाव पहिलीच्या यादीत घातलं, आणि मला हळूच विचारलं, "दिवाळीपर्यंत, नाही का?" मी तिला तिचा भाऊ परत दिला. तिनं कार्ड दातात धरलं, त्याला कडेवर बसवला आणि फुगा मागायला गेली.

तेव्हा मला माझ्या खोलीची आठवण झाली. बारकी पोरं मी तिथं ठेवून आले होते. कोणाच्या ताब्यात? मी मैदानातनं जवळजवळ पळतच निघाले.

खिडकीच्या गजातनं आधी गाणं ऐकू आलं. माझंच, पक्ष्यांचं. दारात गेले तर लहान गटातली एक चार वर्षांची पोरगी मधोमध उभी होती, आणि एक बारकं तिच्या खांद्यावर, तोंड बाहेरच्या बाजूला. मी जाताना तिला म्हटलं होतं, "जरा बघ गं, आलेच." बोलल्याचं मला आठवतही नव्हतं. तोंडाला सवय झालेली.

"बाई, ह्यो रडला न्हाई," ती मोठ्या आनंदानं म्हणाली. "म्या घेतला."

मी ते पोर तिच्या खांद्यावरनं काढून घेतलं. तिला म्हटलं, "जा, तू खेळ. मणी घे." ती गेली नाही, नवलानं बघत उभी राहिली. मी दार लावून खाली बसले, पोराला खांद्यावर घेऊन. सकाळपासून मी गेले नव्हते, पोटात कळ येत होती. त्या दिवशी मी तीन वाजेपर्यंत जागची उठले नाही. कोणालाही बघ म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी म्हणावं लागलं.